पंचांगसुधारणा-समितीचा अभिप्राय (इ. स. १९५५) व आपला मितिनिर्णय

(१) प्रास्ताविक

ऐतिहासिक कागद हातीं आला म्हणजे संशोधक प्रथम त्याची मिति पाहतो. मिति व वार जुळले तर कागद बोलूं लागतो; न जुळले तर कागद खोटा कीं आपलें गणित खोटें ह्या विवंचनेंत दिवस जातात. शालिवाहन शक, शुहूर सन, फसली, हिजरी, राज्याभिषेक शक, ख्रिस्ती सनाची जुनी व नवी पद्धति, इतक्या वाटांनीं काळ मोजणाऱ्या प्रांतांत आपण काम करितों. ह्या यादींत इ. स. १९५७ पासून आणखी एका गणनेची भर पडली आहे. तिचें नांव शकच, महिनेही चैत्र-वैशाखादिच. परंतु तिचा चैत्र हा गुढीपाडव्याचा चैत्र नव्हे. सरकारी राजपत्रांच्या माथ्यावर ती गणना छापलेली असते, आणि तिला चांद्र मिति समजून चालणारा अभ्यासक पंधरा-वीस दिवसांनीं चुकण्याचा संभव असतो.

ही गणना कोणा राजानें आपल्या विजयाच्या स्मरणार्थ प्रचारांत आणलेली नाहीं. सरकारनें शास्त्रज्ञांचें व पंचांगज्ञांचें एक मंडळ नेमिलें, त्या मंडळानें प्रश्न तपासून अभिप्राय दिला, आणि त्या अभिप्रायाचा कांहीं भाग सरकारनें स्वीकारला. राज्यकर्त्यांनीं जाणत्यांस विचारावें ही चाल जुनी आहे. परंतु जाणत्यांनीं काय सांगावें, कोठें थांबावें, आणि त्यांच्या सांगण्यापैकीं किती मानणें राज्यकर्त्यांच्या हातीं राहतें, ह्याचें इतकें स्पष्ट उदाहरण आपल्या इकडील अलीकडच्या इतिहासांत क्वचित् सांपडेल. म्हणून तें मंडळ कसें नेमलें गेलें, त्यानें काय मोजलें व काय निवडलें, त्याचें काय मानलें गेलें व काय राहिलें, हें क्रमानें सांगून शेवटीं कागदपत्रांच्या संग्राहकांस उपयोगी अशा कांहीं खुणा देण्याचें योजिलें आहे.

(२) पूर्वींचीं दोन उदाहरणें

कालगणना सुधारण्यासाठीं तज्ज्ञांचें मंडळ बसविल्याचीं दोन जुनीं उदाहरणें प्रसिद्ध आहेत. सेल्जुक सुलतान मलिकशहा ह्यानें ज्योतिषी जमवून इराणी वर्षाची दुरुस्ती करविली. त्यांत उमर खय्याम होता. इ. स. १०७९ पासून ही ‘जलाली’ गणना सुरू झाली व वर्षारंभ वसंतसंपाताशीं बांधला गेला.

दुसरें उदाहरण पोप तेरावा ग्रेगरी ह्याचें. जूलियन वर्ष ३६५ दिवस १५ घटिकांचें धरलेलें होतें. तें खऱ्या ऋतुवर्षाहून किंचित् मोठें असल्यामुळें सोळाव्या शतकांत वसंतसंपात २१ मार्चाऐवजीं ११ मार्चाच्या सुमारास येऊं लागला होता. लिलिओ नांवाच्या एका वैद्यानें ह्यावर युक्ति काढिली. तो वारल्यावर त्याच्या भावानें ती रोमच्या मंडळापुढें ठेविली. क्लाव्हियस हा गणिती त्या मंडळांत होता. मंडळानें सारांश तयार करून तो निरनिराळ्या राजांकडे व विद्यापीठांकडे मतासाठीं पाठविला, आणि मग इ. स. १५८२ मध्यें ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशीं १५ ऑक्टोबर धरण्याची आज्ञा झाली.

गणित बरोबर होतें. तरी तें मानण्यास इंग्लंडास १७० वर्षें लागलीं. पोपाच्या आज्ञेनें आलेली सुधारणा प्रॉटेस्टंट राज्यांस नको होती. इ. स. १७५२ मध्यें २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर धरून इंग्रजांनीं ती घेतली. ह्या दिरंगाईचें फळ आपण आजही भोगतों. सतराव्या शतकांतील इंग्रज वखारीच्या कागदांतील तारीख व गोव्याच्या पोर्तुगीज कागदांतील तारीख ह्यांत दहा दिवसांचें अंतर पडतें, इ. स. १७०० नंतर तें अकरा दिवसांचें होतें. वसईच्या तहाची तारीख नव्या पद्धतीनें १६ मे १७३९. तोच दिवस मुंबईकर इंग्रजांच्या जुन्या पद्धतीनें ५ मे. शिवाय इंग्रजांचें कायदेशीर वर्ष तेव्हां २५ मार्चास बदलत असे. म्हणून जानेवारी-फेब्रुवारींतील त्यांच्या पत्रांवर आपल्या हिशेबानें मागील सनाचा आंकडा दिसतो. तज्ज्ञांचा अभिप्राय व त्याचा स्वीकार ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें ह्या उदाहरणावरून दिसतें.

(३) महाराष्ट्रांतील वाद

आपल्याकडे प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहिला. पेशवाईंत जीं पंचांगें चालत, तीं बहुधा नांदगांवच्या गणेश दैवज्ञाच्या ‘ग्रहलाघव’ (शके १४४२) व ‘तिथिचिंतामणि’ ह्या ग्रंथांवरून केलेलीं असत. हे ग्रंथ सुटसुटीत व आपल्या काळीं उत्तम. परंतु तीन-चार शतकांत सूक्ष्म चुका साठत जाऊन गणित व आकाश ह्यांत अंतर दिसूं लागलें. ग्रहण पंचांगांत सांगितलेल्या वेळीं लागेना. इंग्रजी नाविक पंचांगांत तेंच ग्रहण पळांपर्यंत बरोबर निघे, आणि नव्या शिक्षणाच्या मंडळींस ही गोष्ट लागून राही.

प्रो. केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनीं इ. स. १८६० मध्यें ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध केलीं व शके १७८७ पासून त्यांच्या गणितावर नवें पंचांग निघूं लागलें. आबासाहेब पटवर्धन ह्यांच्या आश्रयामुळें त्यास पटवर्धनी पंचांग म्हणत. पुढें शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांनीं इ. स. १८९६ मध्यें भारतीय ज्योतिःशास्त्राचा प्राचीन व अर्वाचीन इतिहास लिहिला. त्याच वर्षीं रॉबर्ट स्यूएल ह्यांच्यासह त्यांनीं केलेला इंग्रजी ग्रंथ आजही मितिनिर्णयाच्या कामीं आपल्या टेबलावर असतो. व्यंकटेश बापूजी केतकर ह्यांनीं ‘ज्योतिर्गणित’ रचिलें. छत्र्यांचे शिष्य लोकमान्य टिळक ह्यांनीं संपातचलनावरून वेदकाळाचा विचार इ. स. १८९३ मध्यें ‘ओरायन’ ग्रंथांत केला होता. तेही पंचांगशोधनाच्या खटपटींत पडले.

इतके थोर गणिती असतां प्रश्न सुटला कां नाहीं? ग्रह आकाशाशीं जुळवून घ्यावे, ह्याविषयीं नव्या मंडळींत मतभेद नव्हता. मतभेद होता तो राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा ह्याविषयीं. छत्र्यांनीं रेवतीची योगतारा म्हणून एक विशिष्ट तारा धरिली व तेथून मेषारंभ मोजला. टिळकांचा पक्षही हाच. केतकरांनीं चित्रा तारेच्या समोरचा बिंदु धरिला. दोहोंत सुमारें चार अंशांचें अंतर पडतें. म्हणजे एका पक्षाची संक्रांत दुसऱ्याच्या आधीं चार दिवस. चित्रापक्षाची मकरसंक्रांत १४ जानेवारीस असतां टिळक पंचांगाची १० जानेवारीस येते, ती ह्यामुळें. संक्रांत बदलली म्हणजे कधीं कधीं अधिक मासही बदलतो, आणि अधिक मास बदलला कीं सण एका महिन्यानें पुढेंमागें जातात.

मुंबईस इ. स. १९०४ मध्यें परिषद भरली, पुढें पुण्यास व सांगलीसही विचार झाला. विद्वान् जमले, शास्त्रार्थ झाले, ठराव झाले. पण निरनिराळीं पंचांगें पूर्ववत् निघतच राहिलीं. ह्या परिषदांच्या पाठीशीं विद्या होती. परंतु सर्व हिंदुस्थानभर चालणाऱ्या पंचांगांची एकत्र तपासणी करण्याचें साधन नव्हतें, आणि निघालेला निष्कर्ष कोणीं वापरावा हेंही ठरलेलें नव्हतें.

(४) समितीची नेमणूक

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न राज्याच्या दारीं आला. राज्यघटनेच्या हिंदी प्रतीच्या उद्देशिकेंत २६ नोव्हेंबर १९४९ ह्या तारखेबरोबर मार्गशीर्ष शुक्ल सप्तमी, विक्रम संवत् २००६ अशी मिति घातलेली आहे. म्हणजे राज्यास आपली अशी मिति हवी होती. कोणती, हें मात्र ठरलेलें नव्हतें. विक्रम संवत् उत्तरेंत चैत्रापासून, गुजरातेंत कार्तिकापासून. महिने कोठें पूर्णिमान्त, कोठें अमान्त. बंगाल, तामिळनाड व केरळ ह्यांत सौर महिने. एकच दिवस दहा प्रांतांत दहा नांवांनीं ओळखला जाई.

नोव्हेंबर १९५२ मध्यें वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या विद्यमानें पंचांगसुधारणा-समिति नेमण्यांत आली. चालू असलेल्या सर्व पंचांगांची तपासणी करून, शास्त्रीय अभ्यासानंतर, सर्व देशासाठीं अचूक व एकरूप पंचांगाची योजना सुचवावी, असें काम तिजकडे दिलें होतें. देशांत तेव्हां तीसभर गणनापद्धति चालू असल्याचा उल्लेख पंतप्रधान नेहरू ह्यांनीं समितीस पाठविलेल्या संदेशांत आहे.

समितीचे अध्यक्ष पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ डॉ. मेघनाद साहा हे होते. त्यांचा तारकांच्या वर्णपटांविषयींचा सिद्धांत जगप्रसिद्ध आहे. सभासदांत अलाहाबादचे प्रो. अ. च. बॅनर्जी व डॉ. गोरखप्रसाद, नागपूरचे डॉ. केशव लक्ष्मण दप्तरी, पुण्याचे ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर, उज्जनीचे प्रो. र. वि. वैद्य, आणि कार्यवाह म्हणून कलकत्त्याचे निर्मलचंद्र लाहिरी असे होते.

ही यादी नीट पाहावी. साहा हे इ. स. १९५२ च्या निवडणुकींत सरकारपक्षाच्या बाहेरून लोकसभेंत निवडून आलेले, आणि सरकारच्या धोरणांवर सभागृहांत कडक टीका करणारे. अशा मनुष्यास अध्यक्ष नेमण्यांत सरकारनें आपल्या मनासारखा अभिप्राय मिळविण्याची सोय पाहिली, असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. करंदीकर हे ज्या पत्राचे संपादक होते, त्याच्या संस्थापकानें रेवतीपक्षाचा पुरस्कार केला होता. लाहिरी चित्रापक्षाच्या गणितांत मुरलेले. दप्तरी धर्मशास्त्र व ज्योतिष दोन्ही जाणणारे. वैद्य हे ज्या नगरींतून प्राचीन गणक रेखांश मोजीत त्या उज्जनीचे. एका मताचे सात जण बसविण्यापेक्षां, ज्यांच्यांत वाद होता त्यांसच एकत्र बसविलें, हें ह्या मंडळाचें बळ होतें. समितीचा अहवाल इ. स. १९५५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच्या अखेरच्या भागांत साहा व लाहिरी ह्यांनीं निरनिराळ्या देशांतील कालगणनेचा इतिहास दिला आहे. इतर कोणताही भाग न वाचला तरी आपल्या वाचकांनीं तेवढा अवश्य पाहावा.

(५) समितीनें काय मोजलें

अहवालाचा गाभा एका वजाबाकींत आहे. सूर्य वसंतसंपातापासून निघून पुन्हां वसंतसंपातीं येण्यास जो काळ लागतो तें सायन वर्ष. ऋतु ह्या वर्षाशीं बांधलेले आहेत. त्याचें मान ३६५ दिवस १४ घटिका ३१ पळें ५४ विपळें. सूर्यसिद्धांताचें वर्ष ३६५ दिवस १५ घटिका ३१ पळें ३१ विपळें. अंतर वर्षास जवळजवळ एक घटिका. घटिका म्हणजे चोवीस मिनिटें. कोणाच्या ध्यानींही येणार नाहीं. परंतु साठ वर्षांत त्याचा एक दिवस होतो, आणि सुमारें १४०० वर्षांत २३ दिवस होतात. उत्तरायण २२ डिसेंबरास लागत असतां आपण मकरसंक्रांत १४ जानेवारीस करितों, त्याचें कारण हेंच.

येथें कोणी म्हणेल कीं, आमचें वर्ष नाक्षत्र आहे, तें ताऱ्यांशीं बांधलेलें आहे, ऋतूंशीं नव्हे. ह्याचें उत्तरही आंकड्यांतच आहे. खरें नाक्षत्र वर्ष ३६५ दिवस १५ घटिका २२ पळें ५४ विपळें. सूर्यसिद्धांताचें वर्ष त्याहूनही साडेआठ पळांनीं मोठें आहे. म्हणजे तें ऋतूंशीं जुळत नाहीं आणि ताऱ्यांशींही नेमकें जुळत नाहीं. ह्यांत प्राचीन गणकांस उणेपणा येत नाहीं. दूरदर्शक यंत्र नसतांना त्यांनीं साधलेली सूक्ष्मता आश्चर्य वाटण्याजोगीच आहे. उणेपणा असलाच तर तो त्यांच्यामागून आकाशाकडे न पाहणाऱ्यांचा.

महिन्यांच्या लांबीचेंही असेंच. सूर्याची गति सर्व वर्षभर सारखी नसते; वसंतसंपातापासून शरत्संपातापर्यंत त्यास सुमारें १८६ दिवस लागतात व पुढील अर्ध्यास सुमारें १७९. म्हणून समितीनें वैशाखापासून भाद्रापर्यंतचे पांच महिने ३१ दिवसांचे, आश्विनापासून फाल्गुनापर्यंतचे सहा ३० दिवसांचे, आणि चैत्र ३० दिवसांचा (प्लुत वर्षांत ३१ चा) सुचविला. बेरीज ३६५ वा ३६६. पूर्वीं सौर महिन्यांचे दिवस दर वर्षीं व दर प्रांतीं २९ पासून ३२ पर्यंत बदलत. ते कायमचे ठरले.

(६) समितीनें काय निवडलें

वर्षाचें मान मोजतां येतें. तेथें मताचा प्रश्न नाहीं. परंतु कोणता शक घ्यावा, वर्ष कोठून सुरू करावें, दिवस सूर्योदयापासून धरावा कीं मध्यरात्रीपासून, हें आकाश सांगत नाहीं. ही निवड आहे. येथें मंडळानें कारणें देऊन निवड केली.

शालिवाहन शक घेतला, कारण सर्व प्रांतांतील ज्योतिषी करणग्रंथांत तोच वापरीत आले होते. तो कोणा एका प्रांताचा राहिला नव्हता. वर्षारंभ वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे २२ मार्चास (प्लुत वर्षीं २१ मार्चास) ठेविला. शकांत ७८ मिळवून येणाऱ्या ख्रिस्ती सनाला जो प्लुत वर्षाचा नियम तोच ह्या शकवर्षाला लावला. त्यामुळें दोन्ही गणना कायम समांतर चालतात. व्यवहाराचा दिवस मध्यरात्रीपासून धरला, धर्मकृत्यांचा सूर्योदयापासून. गणिताचें मध्यस्थान ठरवितांना रेखांश भारतीय प्रमाण वेळेचा, ८२ अंश ३० कला, आणि अक्षांश उज्जनीचा, २३ अंश ११ कला, असा मेळ घातला. नव्या सोयीबरोबर जुन्या परंपरेचें स्मरण राहिलें.

सर्वांत नाजूक प्रश्न सणांचा. शुद्ध शास्त्र पाहतां साठलेले तेवीस दिवस एकदम सोडून द्यावयास हवे होते; पोपानें दहा दिवस सोडलेच होते. परंतु तसें केल्यास प्रत्येक सण एकाएकीं जवळजवळ एका महिन्यानें हलला असता. समितीनें मधली वाट काढिली. इ. स. १९५६ च्या वसंतसंपातीं असलेले अयनांश, २३ अंश १५ कला, धार्मिक सौरमासांच्या आरंभासाठीं कायम धरावे. म्हणजे झालेली चूक तशीच राहील, पण पुढें वाढणार नाहीं. चित्रापक्षाच्या लोकांस रूढ असलेले सण हलणार नाहींत, आणि पुढील पिढ्यांची संक्रांत आणखी सरकणार नाहीं. ही तडजोड आहे हें समितीनें लपवून ठेविलें नाहीं. मोजलेल्या गोष्टीस मोजलेली व तडजोडीस तडजोड म्हणणें, ह्यांत अशा मंडळाची सचोटी दिसते.

(७) सरकारनें काय स्वीकारलें

साहा १६ फेब्रुवारी १९५६ रोजीं दिवंगत झाले. नवी गणना सुरू झालेली पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. ती २२ मार्च १९५७ रोजीं, चैत्र १, शके १८७९ ह्या दिवशीं सुरू झाली. ती कोठें वापरावी हेंही मोजकें ठरलें: भारत सरकारचें राजपत्र, आकाशवाणीच्या वार्ता, सरकारनें छापलेल्या दिनदर्शिका, व सरकारनें जनतेस उद्देशून काढलेलीं पत्रें. ह्या सर्व ठिकाणीं ती ख्रिस्ती तारखेच्या जोडीनें यावयाची; ख्रिस्ती तारीख काढून टाकण्यांत आली नाहीं. समितीच्या पद्धतीनें ‘राष्ट्रीय पंचांग’ही सरकारतर्फें निघूं लागलें.

घरोघरचें पंचांग मात्र बदललें नाहीं. अयनांश कायम धरण्याची सूचना खाजगी पंचांगकर्त्यांनीं उचलली नाहीं. चित्रापक्षाचीं पंचांगें चालते अयनांशच घेतात, रेवतीपक्षही आहे तसाच आहे, आणि मकरसंक्रांत हळूहळू १५ जानेवारीकडे सरकत आहे. गंमत अशी कीं, समितीच्या कामांतून चित्रापक्षाच्या अयनांशांस जें निश्चित मान मिळालें, तें कार्यवाहांच्या नांवानें ‘लाहिरी अयनांश’ म्हणून देशभर पसरलें. म्हणजे पंचांगकर्त्यांनीं समितीचा आंकडा घेतला आणि तो आंकडा ज्या हेतूनें दिला होता तो हेतु सोडून दिला.

ह्यावरून समितीचें काम फुकट गेलें असें कोणी म्हणूं नये. मंडळाचें काम राज्यास व लोकांस खरें काय तें सांगण्याचें. हुकूम करण्याचें नव्हे. धर्मकृत्यांच्या बाबतींत सरकारनें जबरदस्ती केली असती, तर पंचांगसुधारणेचेंच नांव लोकांस नकोसें झालें असतें. रोमच्या आज्ञेनें झालेल्या सुधारणेस दीडशेंहून अधिक वर्षें इंग्लंडानें कसें दूर ठेविलें तें वर आलेंच आहे. ज्यास पाहावयाचें त्यास वर्षाचें खरें मान, साठलेली चूक व तिचें कारण आतां एका ग्रंथांत सांपडतें. पूर्वींच्या परिषदांच्या वादांत ही सोय नव्हती.

(८) संग्राहकांसाठीं खुणा

इ. स. १९५७ नंतरचे कागद ऐतिहासिक होत चालले आहेत. ते हाताळतांना पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

(अ) राष्ट्रीय मितीस शुद्ध-वद्य नसतें, आणि तिचा आंकडा पंधराच्या पुढें एकतिसांपर्यंत जातो. ‘श्रावण २४, शके १८८०’ अशी मिति दिसली तर ती चांद्र नव्हे. श्रावण २४ म्हणजे नेहमीं १५ ऑगस्ट, आणि माघ ६ म्हणजे नेहमीं २६ जानेवारी.

(आ) ह्या गणनेंत भाद्रपदास ‘भाद्र’ व मार्गशीर्षास ‘अग्रहायण’ म्हणतात. मराठी कागदांत हीं नांवें दिसलीं कीं सावध व्हावें.

(इ) शकाचा आंकडा दोन्ही गणनांत एकाच दिवशीं बदलत नाहीं. इ. स. १९५७ मध्यें राजपत्राचा शके १८७९ हा २२ मार्चास लागला. गुढीपाडवा त्यानंतर सुमारें दहा दिवसांनीं आला. मधल्या दिवसांत सरकारी कागदावर १८७९ व घरच्या पंचांगांत १८७८ असा भेद दिसेल. त्यावरून कोणताही कागद बनावट ठरवूं नये.

(ई) ही गणना मागें लावूं नये. जुन्या मितीचें रूपांतर चांद्र गणितानेंच करावें, आणि वार हा साक्षीदार मानावा. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनीं इ. स. १९१६ मध्यें प्रसिद्ध केली. तींतील शिवजन्माची मिति, शके १५५१ फाल्गुन वद्य ३, शुक्रवार, ही जूलियन गणनेनें १९ फेब्रुवारी १६३० येते व त्या दिवशीं शुक्रवारच पडतो. हाच दिवस ग्रेगरीच्या पद्धतीनें १ मार्च १६३० होय. कोणती पद्धति वापरली तें न सांगतां तारीख देणें म्हणजे पुढील अभ्यासकास दहा दिवसांच्या खड्ड्यांत लोटणें होय.

(उ) शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शुद्ध गणितानें आज काढलेली तिथि व त्या काळच्या मनुष्यानें लिहिलेली तिथि ह्यांत एका दिवसाचें अंतर निघूं शकतें. पेशव्यांच्या कारकुनानें आकाश पाहून मिति घातली नाहीं. समोरच्या ग्रहलाघवी पंचांगांतून घातली. आकाशाच्या दृष्टीनें तें पंचांग चुकलेलें असेल. कागदाच्या दृष्टीनें तेंच प्रमाण आहे.

(९) उपसंहार

पंचांगसुधारणेच्या उत्साहांत जुनीं पंचांगें निरुपयोगी ठरून रद्दींत जाण्याचें भय असतें. वाड्यांच्या माळ्यांवर, उपाध्यांच्या दप्तरांत, देवघरांच्या फडताळांत हस्तलिखित पंचांगांच्या गुंडाळ्या व सुटीं पानें पडलेलीं आढळतात. पुष्कळांच्या समासांत लग्नमुंजी, कर्जाचे हप्ते, पावसाचा आरंभ, गांवांत आलेली सांथ ह्यांचीं टांचणें असतात. घरधनी म्हणतात, ‘जुनें पंचांग घेऊन काय करावयाचें?’ त्यांस सांगावें कीं, पंचांगसुधारणा-समितीनें आपलें काम चालू पंचांगें जमवून, तीं शेजारीं शेजारीं ठेवूनच केलें. नवें मान ठरविणाऱ्यांस जर चालू पंचांगांवांचून पाऊल टाकतां आलें नाहीं, तर गतकाळाची मिति ठरविणाऱ्यांस जुन्या पंचांगांवांचून तें कसें टाकतां येईल?

शास्त्रज्ञांच्या मंडळानें पुढील काळाचें माप दिलें, तें योग्य केलें. मागील काळाचें माप ज्याच्या त्याच्या हातच्या पंचांगांत आहे, आणि तें सांभाळण्याचें काम कोणतीही समिति आपल्यासाठीं करणार नाहीं. ज्या वाचकांच्या संग्रहीं शके १७८७ पूर्वींचीं हस्तलिखित पंचांगें असतील, त्यांनीं त्यांचा शक, तें ज्या गांवीं केलें त्या गांवाचें नांव, गणितास घेतलेला ग्रंथ व समासांतील टांचणें ह्यांची यादी करून ठेवावी, आणि यादी होईपर्यंत एकही पान टाकूं नये, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.